गळती शोधायचे सहाशे, रिंगचे चाळीस: गोळपच्या पुढचे मेस्त्री

रोज सकाळी गाडीखाली तीन ते पाच थेंब तेल, एवढीच तक्रार होती. शहरात डांबरावर किंवा फरशीवर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण आमचं अंगण शेणाने सारवलेलं, आणि सारवणाऱ्या माझ्या सासूबाई. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला हाक मारून तो काळा डाग दाखवला. "तुझ्या गाडीला सर्दी झालीय," म्हणाल्या, आणि पुढचे चार महिने रोज सकाळी सर्दीची चौकशी केली.

गाडी १९९८ची मारुती झेन, कार्बोरेटरवाली. सासऱ्यांनी घेतलेली, आता मी चालवते. मी पोस्टाची आरडी एजंट. रत्नागिरीच्या दक्षिणेची भाट्ये, गोळप, पावस, गणेशगुळे, पूर्णगड ही गावं हा माझा पट्टा. घरोघर जाऊन हप्ते गोळा करायचे आणि पोस्टात भरायचे. दुचाकीवरून पावसाळ्यात हे जमत नाही, पासबुकं भिजतात. "विकून टाक ती" असं सांगणारे नात्यात पुष्कळ आहेत. पण २०२३ साली ५००० रुपये सरकारी फी भरून गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी पुन्हा करून घेतली आहे. तेवढी वसूल होईपर्यंत तरी ती कुठे जात नाही.

आधी शहरातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. एसी वेटिंग रूम, मशीनची कॉफी. गाडी लिफ्टवर उचलली, खालून टॉर्च मारला, दोन मिनिटांत निकाल: "रिअर ऑइल सील गेलंय मॅडम. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. साडेनऊ हजार." (हे सील म्हणजे इंजिनाच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला तेल अडवणारी रबरी कडी.) माझं कमिशन शंभराला ४ रुपये. साडेनऊ हजार कमवायला मला २ लाख ३७ हजार ५०० रुपयांचे हप्ते गोळा करावे लागतात. हा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या केला आणि गाडी घेऊन घरी आले.

दुसऱ्या एकाने बॉनेट उघडून टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, कडेने सिलिकॉन फासलं आणि ३५० रुपये घेतले. आधी पाच थेंब पडत होते, नंतरही पाचच पडले.

मग पूर्णगडच्या माझ्या एका खातेदाराने, ज्यांचा मासळीचा टेम्पो आहे, ह्या मेस्त्रींचं नाव सांगितलं. नाव म्हणजे काय, सगळे त्यांना मेस्त्रीच म्हणतात. शेडला पाटी नाही. भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे निघालात की गोळप मागे टाकायचं. मग एक जांभ्या चिऱ्यांची, वर पत्रा घातलेली शेड लागते, दारात निम्म्या उघड्या रिक्षा. नाव आणि नंबर इथे टाकू का विचारलं तर म्हणाले, "नको ताई. आहेत त्याच गाड्या सरत नाहीत."

मी गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा बरोबर नेला होता. आंब्याचा जुना खोका उलगडून केलेला, रोजच्या थेंबांभोवती पेनाने गोल आणि शेजारी तारीख. मोठ्या गॅरेजात तो मी दाखवायला काढला तेव्हा तिथला मुलगा हसला होता. मेस्त्रींनी तो उन्हात नेऊन दोन्ही हातांत धरला आणि वर्तमानपत्र वाचावं तसा वाचला. "गाडी रोज एकाच जागी उभी करता? मग थेंब सरकलेले नाहीत. एकाच ठिकाणाहून गळतंय." मग गाडीखाली हात घालून एक ओला थेंब बोटावर घेतला, दोन बोटांत चोळला, नाकाला लावला आणि माझ्यापुढे धरला. वास घ्यायला सांगितलं. मी घेतला, जळकट तेलाचा. "गिअर ऑइल असतं तर नाक मुरडलं असतंत. गंधकासारखा घाण वास येतो त्याला. म्हणजे गिअरबॉक्स सुटला. हे इंजिनचंच."

"मग ते म्हणतात तसं सील असेल?"

"असेलही. पण सील म्हटलं की गिअरबॉक्स उतरवा. उतरवायच्या आधी बघूया तरी." आणि लगेच पुढे, "बघायचे सहाशे घेतो हां. गळती सापडो नाहीतर न सापडो."

खरं सांगते, इथे मी गाडीची चावी परत मागणार होते. काही न करता नुसतं बघायचे सहाशे? बसल्या जागी दुसरा हिशेब केला. एका जागी दोन मिनिटं बघणं फुकट होतं आणि त्याची किंमत साडेनऊ हजार सांगितली होती. चावी दिली.

पहिल्या दिवशी त्यांनी फक्त इंजिन धुतलं. डेल्को (स्पार्क प्लगना करंट वाटणारा भाग; पार्ट्सच्या दुकानात ह्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात, कोकणात एकही मेस्त्री म्हणत नाही) आणि कार्बोरेटर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधले आणि रॉकेलने, दात घासायच्या जुन्या ब्रशने इंजिनचा मागचा-खालचा भाग घासून काढला. पाण्याचा फवारा मारला नाही. "फवाऱ्याने पाणी वायरिंगमध्ये जातं, आणि आपल्याकडे गेलेलं पाणी परत येत नाही." समुद्रापासून दोन किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. मग फडक्याने पुसून म्हणाले, रोज फिरता तशी फिरवा आणि चौथ्या दिवशी या. तोवर पुठ्ठाही चालू ठेवा.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला गेले, तर मेस्त्री साडेदहाला आले. वेळ हा त्यांचा गुण नाही. आल्यावर इंजिनकडे न बघता मला विचारलं, घरी पावडर आहे का, अंगाला लावायची. गाडीत नातवंडांची होती. तो डबा घेऊन त्यांनी टॅपेट कव्हरच्या कडेखाली, डेल्कोच्या मानेभोवती आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर पावडर फुंकली. इंजिन पांढरंशुभ्र, सत्यनारायणाच्या पूजेला बसवल्यासारखं. इंजिन चालू करून वीस मिनिटं तसंच ठेवलं, मग मला शेजारी बसवून चढावर एक फेरी मारली. गरम तेल पातळ होतं आणि चढावर इंजिनाला जोर लागतो. जी फट थंड इंजिनात गप्प बसते ती तेव्हा बोलते.

परत आल्यावर त्यांनी काठीला चिकटपट्टीने बांधलेला आरशाचा तुकडा काढला, न्हाव्याकडचा असतो तसा. तो डेल्कोच्या खाली सरकवून टॉर्च मारला आणि मला वाकायला लावलं. पांढऱ्या पावडरीत डेल्कोच्या मानेपासून एक बारीक करडी रेघ सुटली होती. ती हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, टोकावरून खाली उतरत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर गेली होती. त्याच्यावरची टॅपेट कव्हरची कडही एका कोपऱ्यात किंचित ओली होती, पण रेघ तिथून निघत नव्हती.

"तेल वरनं येतंय, ताई. खाली फक्त दिसतंय."

हे मला फार आवडलं म्हणून जरा सविस्तर सांगते. झेनच्या इंजिनात डेल्को गिअरबॉक्सच्या बाजूला, हेडच्या टोकाला बसतो आणि कॅमशाफ्टवर (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) फिरतो. त्याच्या मानेत एक रबरी ओ-रिंग असते. ती कडक झाली की तेल झिरपतं, अंगावरून ओघळत बरोबर त्या जोडापाशी पोचतं आणि तिथून टपकतं. रिअर ऑइल सील गेलं तरी थेंब तिथूनच पडतात. खालून टॉर्च मारणाऱ्याला दोन्हीत फरक दिसणारच नाही. वरून बघायला आरसा लागतो, आणि चार दिवस थांबायची तयारी.

डेल्कोचं झाकण उघडून आत बोट फिरवलं, कोरडं निघालं. आतलं सील गेलं असतं तर झाकणात तेल आलं असतं आणि आख्खा डेल्को खोलावा लागला असता. म्हणजे फक्त बाहेरची रिंग. काढण्यापूर्वी डेल्को आणि हेडच्या धातूवर पांढऱ्या रंगाची आडवी रेघ ओढली, परत बसवताना टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हलू नये म्हणून. बोल्ट करवंट्यांत ठेवले, डेल्कोचे एकीत आणि टॅपेट कव्हरचे दुसरीत. ट्रे का नाही विचारल्यावर, "करवंटी हरवली तर परत मिळते," म्हणाले. जुनी रिंग नखाने उचलायला गेले तर बांगडी फुटावी तशी दोन तुकडे झाली. रबर उरलंच नव्हतं त्यात.

नवी रिंग आणायचं काम माझ्याकडे. पार्ट्स ते ठेवत नाहीत, गिऱ्हाइकाने आणायचे. ही गैरसोय आहे, पण त्यामुळे पार्टावर त्यांचा एक पैसाही नसतो. तुकडे काड्यापेटीत घालून पाठवलं आणि बजावलं, "तेलात चालणारी रिंग मागा. नळाच्या पंपाची घेऊ नका. मापाला बसेल, पण तेलात फुगेल." रत्नागिरीत तिसऱ्या दुकानात मिळाली, ४० रुपये. झेन २००६ साली बंद झाली, पण बारीकसारीक माल अजून मिळतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंगही घेतलं, २२० रुपयांचं.

पॅकिंग बदलायला कव्हर उघडलं तेव्हा आधीच्या माणसाच्या सिलिकॉनचा एक लोंबता तुकडा आत सापडला. मेस्त्रींनी तो चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवला. असा तुकडा सुटून खाली तेलाच्या चेंबरमध्ये गेला आणि तेल ओढणाऱ्या जाळीवर बसला, तर इंजिनाला तेलच मिळत नाही. थेंब थांबवायला लावलेल्या लेपाने इंजिन बसलं असतं. ३५० रुपयांत.

त्यानंतर जे केलं ते मी सांगितलंच नव्हतं. ब्रीदरचा पाइप (इंजिनातली वाफ आणि दाब बाहेर सोडणारा) काढून तोंडाने फुंकला. हवा जाईना. आतून काळपट-पिवळी, दुधातल्या सायीसारखी मळी निघाली. मी घाबरले. त्यांनी विचारलं, सलग किती चालवता? दोन किलोमीटर, बंद, हप्ता, चहा, पुन्हा दोन किलोमीटर. "तेच. इंजिन पुरतं तापतच नाही, आतली वाफ आतच राहते आणि तेलात मिसळते. वर आपली हवा ओली. पाइप बुजला की इंजिनातला दाब जागा शोधतो, आणि कच्ची रिंग ही जागाच." पाइप रॉकेलने धुऊन, वाळवून बसवला. आठवड्यातून एकदा तरी महामार्गावरच्या हातखंब्यापर्यंत न थांबता जाऊन या म्हणाले. आता दर रविवारी मी आणि सासूबाई हातखंब्याला जाऊन येतो. काम काही नसतं. त्या शेंगदाणे घेऊन येतात.

डेल्को बसवल्यावर टायमिंग लाइट लावून खुणा जुळवल्या, मग लाइट बंद करून कानाने पुन्हा ऐकलं आणि केसभर फिरवला. लाइटवर विश्वास आहे की नाही ते कळलं नाही.

पैसे: बघायचे ६००, कामाचे ५००, आणि माझे पार्ट २६०. एकूण १३६०. ह्यावर माझी तक्रार एकच, बिल मिळत नाही. मी हट्टच धरला तेव्हा मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचा जून फाडून त्यामागे आकडे लिहून दिले, खाली सही नाही. ज्यांना ऑफिसात बिल लावायचं असतं त्यांनी जाऊ नये. शिवाय ड्रायव्हर सीटवर तेलकट हाताचा ठसा आहे, तो अजून निघालेला नाही. आणि खालून बघायचं काम असेल तर जून ते ऑगस्ट विसरा, खड्ड्यात पाणी भरतं आणि बेडूक राहायला येतात.

जाताना त्यांनी सांगितलं होतं, जोडात साठलेलं तेल आठवडाभर टपकेल, लगेच भांडायला येऊ नका. पुठ्ठ्याची कोरी बाजू वापरायला काढली. पहिल्या दिवशी दोन थेंब, मग एक, सहाव्या दिवसापासून काही नाही. चोविसाव्या दिवशी पुन्हा एक ओला डाग दिसला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. वाकून बोट लावलं, नाकाजवळ नेलं. एसीचं पाणी. तेलाची काडी आता महिन्याने बघते, वरच्या खुणेवरून हललेली नाही. ड्रेन प्लगपाशी जरासा ओलावा आहे, तो त्यांनी आधीच दाखवला होता: वायसर जुना आहे, पुढच्या ऑइल बदलीला चार रुपयांत होईल, आत्ता हात लावायची गरज नाही.

फोन करून जायची सोय नाही, शेडमध्ये रेंज येत नाही. सकाळी अकरानंतर गेलात तर बहुतेक भेटतात. गणपतीचे दिवस बंद. शिमग्यातही जाऊ नका, मी गेले होते. शेडला कुलूप, आणि मेस्त्री पालखीच्या दांड्याखाली, दोन्ही हात तेलाऐवजी गुलालाने माखलेले. मला ओळखून लांबूनच ओरडले, "गळतंय?" मी मान हलवून नाही म्हटलं, तर पालखी पुढे गेली.