पेन टॅबलेट, आठ महिन्यांनंतर: हात इथं, रेघ तिथं

पहिल्याच महिन्यात रिव्ह्यू लिहिला असता तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या, म्हणून थांबलो. मी साताऱ्याचा, बरीच वर्षं वॉटरकलर करतोय, रविवारी संगम माहुलीच्या घाटावर बसून पायऱ्या आणि देवळं काढायची एवढाच आपला नाद. टॅबलेट म्हंजे लॅपटॉपला जोडून वर पेननं चित्र काढायची पाटी, घेतला तो बिनस्क्रीनचा, कारण बजेट तेवढंच होतं. चित्रं काढायचं सॉफ्टवेअर क्रिटा, फुकट आहे आणि खरंच भारी आहे.

बिनस्क्रीनचा म्हंजे हात टेबलावर आणि रेघ समोर लॅपटॉपवर. लय चिडचिड झाली. त्यात गोल काढला की अंडं यायचं, पंधरा दिवस वाटलं माझाच हात बिघडला, मग कळलं की टॅबलेट आणि स्क्रीनचं प्रपोर्शन जुळत नव्हतं, सेटिंगमध्ये एक टिक मारली की झालं. खोक्यावर पेन किती दाबलं ते ओळखायच्या, म्हंजे प्रेशरच्या, ८१९२ लेव्हल लिहिल्यात, माझ्या हाताला त्यातल्या पाच-सहा कळत असतील.

पण गंमत पुढंय. घाटाच्या पायऱ्या सरळ येईनात, एकमेकींत घुसायला लागल्या, आणि एका रात्री अनडू करायचा कंटाळा आला म्हणून तशाच राहू दिल्या. सकाळी बघितलं तर पायऱ्या नव्हत्याच, राखाडी पट्टे आणि मधे पाण्याचा एक हिरवट तुकडा, आणि मला ते माझ्या सगळ्या नीटनेटक्या घाटांपेक्षा जास्त माहुली वाटलं. औंधच्या म्युझियमला आम्ही जायचो ते रविवर्म्याची चित्रं बघायला, तिथलं हेन्री मूर या आधुनिक इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं दगडी शिल्प मी दरवेळी बघून न बघितल्यासारखं करायचो. परवा त्याच्यासमोर अर्धा तास उभा होतो. आता अनडूची शॉर्टकट की काढूनच टाकलीय.

प्रिंटचं मात्र आधीच सांगतो. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर शेवाळासारखा आला, दुकानदाराशी भांडलो, पण चूक माझीच, आरजीबीतले, म्हंजे स्क्रीनवर लाल-हिरव्या-निळ्या उजेडातून बनणारे, सगळे रंग छपाईच्या शाईत बसत नाहीत. आता छोटा तुकडा आधी छापून बघतो.

टॅबलेट गुळगुळीत आहे, पेन घसरतं, म्हणून वर साधा झेरॉक्सचा कागद चिकटपट्टीनं लावलाय. त्यानं निब, म्हंजे पेनाचं टोक, लवकर झिजते, तिसरी चालू आहे, एका बाजूनं तिरकी झालीय. झिजू दे. कागदावर खरखर आवाज येतो, तो मला पाहिजे.