लॅमिंग्टन रोडचं बिनपाटीचं दुकान आणि माझ्या लॅपटॉपची हायबरनेटची भानगड

पाटी शोधत गेलात तर हे दुकान सापडणार नाही. ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं, लॅमिंग्टन रोडवर यायचं, एका जुन्या इमारतीच्या जिन्यात खडूने 'लॅपटॉप वर' लिहून बाण काढलाय तो धरून दोन मजले चढायचे. लाकडी जिना आहे, गुडघे दुखत असतील तर विचार करून जा.

लॅपटॉप २०१४ चा, ८ जीबी रॅम, विंडोज १०. टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे मला माहितीये, पण या मशीनवर अकरा धड चढत नाही आणि मुलांचे मार्क भरायला मला हा पुरतो.

तर हायबरनेट केलं, म्हणजे उघडं काम तसंच जपून लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, की स्क्रीन काळी व्हायची पण पॉवरचा लाइट चालूच आणि आत पंखा घूं घूं करतोय, अर्धा तास थांबा नाहीतर तासभर, तेच. शेवटी बटण दाबून धरायचं. एकदा घाईत तसाच बॅगेत कोंबला तर डोंबिवलीहून दादर येईपर्यंत बॅग इतकी तापली की शेजारच्या काकू म्हणाल्या, डबा आत्ताच भरलाय वाटतं! कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेला तर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं मदरबोर्ड गेलाय, साडेनऊ हजार. अहो, तेवढी त्या लॅपटॉपची किंमत तरी उरलीये का.

लॅमिंग्टन रोडच्या या दुकानातल्या दादांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाच नाही. पहिला प्रश्न, "मॅडम, रीस्टार्ट होतो का?" होतो. "आणि शट डाउन?" तोही अडकतो, मी आपली त्याला वेगळं दुखणं समजत होते. मग म्हणाले, बटण दाबून बंद केल्यावर परत चालू करता तेव्हा उघडी एक्सेल तशीच मिळते का? मिळते की! "मग हायबरनेट होतंय." रॅममधलं सगळं सी ड्राइव्हवरच्या हायबरफिल नावाच्या फाइलमध्ये लिहून होतंय, फक्त शेवटी पॉवर तोडायचं काम होत नाहीये. रीस्टार्टला पॉवर तोडावी लागत नाही म्हणून तो बिनबोभाट होतो. त्यांच्या भाषेत, घर आवरून झालंय पण मेन स्विच पाडणारा झोपलाय.

मग कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजीची एक कमांड मारली, लॅपटॉपला झोपवायचे कुठले प्रकार जमतात ती यादी आली, त्यात हायबरनेट होतं. फॉरमॅटनंतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायचा राहिला तर तो पर्यायच गायब होतो म्हणे, तसं माझं नव्हतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सिस्टीम डिव्हायसेसमध्ये मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस म्हणून एक असतं, पॉवर तोडण्याशी त्याचा संबंध, त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटने आपोआप ११ नंबरच्या आवृत्तीचा करून ठेवलेला. दादांनी तो काढला आणि कंपनीच्या साइटवरच्या माझ्या मॉडेलच्या पानावरून ९ ने सुरू होणाऱ्या आवृत्तीचा जुना टाकला. परत हायबरनेट. लाइट गेला. तरी समाधान नाही, जुन्या बिलाची बारीक पट्टी फाडून पंख्याच्या जाळीपाशी धरली. पट्टी हलली नाही. असं तीनदा केलं.

४०० रुपये घेतले.

आता तक्रारी. बिल देत नाहीत. बसायला एक स्टूल, त्यावर कोणाचा तरी प्रिंटर, म्हणजे दीड तास मी उभीच. माझा अँटीव्हायरस न विचारता उडवला, हे मला अजिबात आवडलं नाही आणि तसं तोंडावर सांगितलं पण. आणि आठवड्याने अपडेट येऊन तोच ११ चा ड्रायव्हर परत बसला, पुन्हा घूं घूं! फोन केला तर म्हणाले, हो, तो अपडेट लपवायचा राहिला माझ्याकडून. वीस मिनिटं फोनवर थांबून माझ्याकडून ड्रायव्हर परत बदलवून घेतला, अपडेट लपवायला लावला, त्याचे पैसे नाहीत. तेव्हापासून गप आहे.

पाचपैकी चार स्टार, एक त्या अँटीव्हायरसचा कापला.

रविवारी बंद. दुपारी एक ते दोन जेवायला जातात, तेव्हा बाहेरच्या जिन्यात बसावं लागतं. चार्जर आठवणीने न्या, मी विसरले होते आणि त्यांच्याकडच्या डब्यातून माझ्या पिनचा शोधण्यातच अर्धा तास गेला.