मायआयसॅम की इनोडीबी: क्रॅशनंतर कोण सावरतं?

मायएसक्यूएल डेटाबेसमधलं टेबल मायआयसॅम की इनोडीबी, यातल्या कोणत्या स्टोरेज इंजिनात (डेटा डिस्कवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागात) ठेवू यावर अडकला असाल तर फक्त क्रॅशनंतर काय होतं एवढंच बघू. मायआयसॅममध्ये लिहिताना लाइट गेली की टेबल बिघडू शकतं, मग रिपेअर टेबल ही दुरुस्तीची कमांड चालवा, मोठं असेल तर बसा वाट बघत, आणि काही रो (टेबलातल्या ओळी) जाऊही शकतात, म्हणून आधी फाइलींची कॉपी घ्याच घ्या. इनोडीबी सर्व्हर चालू होताना रीडू लॉग (केलेल्या बदलांची नोंद) वाचून स्वतःच सावरतं. पण डिस्कवरची पेजेसच (डेटाचे ठोकळे) खराब झाली तर इथे रिपेअर टेबल चालत नाही, फोर्स रिकव्हरी (बिघाड असूनही सर्व्हर चालू करायला लावणारी सेटिंग) १ पासून हळूहळू वाढवत डेटा डंप करून (बाहेर फाइलीत काढून) घ्यायचा, ४ पासून पुढे खूप जपून, डेटा कायमचा बिघडू शकतो, तिथे बॅकअपच बरा. सतत लिहिला जाणारा डेटा असेल तर इनोडीबीच, नुसत्या वाचायच्या आणि पुन्हा बनवता येणाऱ्या टेबलांना मायआयसॅम चालेल.