आफ्रिकन स्टडीज की ब्लॅक स्टडीज, आणि लंडन, अमेरिका, अक्रा की कलिना?

आफ्रिकन आणि कृष्णवर्णीयांचं साहित्य, कला, इतिहास शिकायचा तर कुठे जावं, हा प्रश्न. पण आधी एक घोळ मिटवून टाकू, कारण बरीच जण तिथेच चुकतात आणि चुकीच्या डिपार्टमेंटचा फॉर्म भरून बसतात. आफ्रिकन स्टडीज (आफ्रिका खंडाचा अभ्यास) आणि ब्लॅक स्टडीज (मुख्यतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा) ही एकाच दुकानाची दोन नावं नाहीत. दुकानंच वेगळी आहेत, आणि ती कुणी आणि कशासाठी टाकली ते माहीत असलं की आत काय माल मिळणार याचा अंदाज येतो. लंडनचं सोआस (स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज) 1916 मध्ये निघालं ते साम्राज्याच्या साहेबलोकांना पूर्वेकडच्या भाषा शिकवायला, नावात आफ्रिका आली ती 1938 मध्ये. म्हणजे सुरुवात कुठून, तर राज्य करायचंय ना, मग या लोकांची भाषा-चालीरीती शिकून घ्या इथून. ब्लॅक स्टडीज याच्या बरोब्बर उलट्या बाजूने आलं. 1968 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला, तो मार्च 1969 पर्यंत चालला, पोलीस आले, धरपकड झाली, आणि त्यातून हे डिपार्टमेंट मिळालं. आमचा इतिहास आम्हाला शिकवा आणि तो आमच्या माणसांनी शिकवा, ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची मागणी होती. आता साठ वर्षं होत आली, दोन्हीकडे बरीच सरमिसळ झालीय, हार्वर्डमध्ये तर दोन्ही एकाच डिपार्टमेंटखाली नांदतात, तरी वर्गात बसलं की मूळचा वास येतोच.

लंडनपासून सुरू करतो, मी एक वर्ष तिकडेच काढलंय. यूकेचा एमए एका वर्षाचा, त्यामुळे स्वस्त वाटतो पण तेवढाच दमवतो. सप्टेंबरात पोचायचं, घर शोधेपर्यंत ऑक्टोबर, आणि डिसेंबरात पहिले निबंध द्यायचे, उन्हाळाभर डिझर्टेशन, संपलं. ज्याला आपला विषय आधीच पक्का माहितीय त्याने जावं, तिकडे जाऊन ठरवू म्हणणाऱ्याने अजिबात जाऊ नये (मी ठरवू म्हणूनच गेलो होतो, त्यामुळे अनुभवाने सांगतोय). सोआसची खरी ताकद भाषा आणि लायब्ररी. स्वाहिली, योरुबा, अम्हारिक अशा आफ्रिकन भाषा एका छताखाली शिकवणारी जागा युरोपात शोधायला गेलात तर हाताच्या बोटांवर मोजाल. कुठली भाषा कुठल्या वर्षी चालू आहे ते मात्र आधी मेल करून विचारा, शिक्षक रिटायर झाला की कोर्स बंद पडतो. आर्ट हिस्टरीवाल्यांसाठी अजून एक गोष्ट, तिथून चालत काही मिनिटांवर ब्रिटिश म्युझियम आहे, आणि बेनिनचे ते प्रसिद्ध पितळी पत्रे तळघरातल्या 25 नंबरच्या दालनात टांगलेत. 1897 मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन शहर (आजच्या नायजेरियातलं) लुटलं त्यातला हा माल. तिथे उभं राहिल्यावर कळतं की आफ्रिकन आर्ट लंडनमध्ये शिकणं सोयीचं का आहे, आणि ती सोय कुठून आली. लंडनमधल्याच हॉर्निमन म्युझियमने 2022 मध्ये आपल्याकडच्या बेनिनच्या 72 वस्तूंची मालकी नायजेरियाला परत दिली, मोठ्या म्युझियमचं अजून चर्चा चर्चा चाललंय.

अमेरिकेचं गणित पूर्ण वेगळं. तिकडे एमएला खिशातून जातात, पण पीएचडीला घेतलं की बहुतेक चांगल्या ठिकाणी फी माफ आणि वर स्टायपेंड, बदल्यात पोरांना शिकवायचं. पाच-सहा वर्षं जातात. टेम्पल युनिव्हर्सिटीने फिलाडेल्फियात 1988 मध्ये ब्लॅक स्टडीजमधली पहिली पीएचडी सुरू केली, मोलेफी असांते यांचा आफ्रोसेंट्रिक (म्हणजे आफ्रिकेला मध्यभागी ठेवून जग बघणारा) विचार तिथलाच, तो पटला तर स्वर्ग आणि नाही पटला तर पहिल्याच सेमिस्टरला घुसमट, म्हणून आधी त्यांचं थोडं वाचून मगच ठरवा. वॉशिंग्टनचं हॉवर्ड 1867 चं, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेलं, कादंबरीकार टोनी मॉरिसन तिथेच शिकल्या आणि पुढे शिकवलंही, आणि तिथलं मूरलँड-स्पिंगार्न म्हणजे कागदपत्रांची खाण. साहित्यवाल्याने मात्र माझं ऐकायचं तर मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीच्या अॅमहर्स्ट कॅम्पसकडे नीट बघावं. डिपार्टमेंटला नाव कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांचं, त्यांचे बहुतेक कागद तिथल्या लायब्ररीत, आणि सत्तरच्या दशकात नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे तिथे शिकवायला होते. 1975 मध्ये ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वाल्या कॉनरॅडवर तुटून पडणारं ते गाजलेलं भाषण त्यांनी तिथेच दिलं. आणि आपल्यासाठी अजून एक कारण, बाबासाहेबांनी 1946 मध्ये डू बॉइसना लिहिलेलं पत्र याच कागदांत आहे! कृष्णवर्णीयांच्या वतीने युनोकडे जो अर्ज गेला होता त्याच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या, डू बॉइसनी उत्तरही दिलं. ऑनलाइन स्कॅन बघायला मिळतो, फुकट. दलित पँथरने 1972 मध्ये नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं ते आपल्याला पाठ असतं, पण त्याच्या सव्वीस वर्षं आधीची ही देवाणघेवाण बऱ्याच जणांना माहीतच नसते. जात आणि वंश यांची तुलना करायचीय तर अमेरिकेला तोड नाही. फक्त 2025 पासून तिकडे व्हिसा आणि सरकारी पैसा दोन्हीची ओढाताण चाललीय, त्यामुळे एकाच देशावर सगळी भिस्त ठेवू नका.

आता ज्याचा कुणी विचारच करत नाही तो पर्याय, खुद्द आफ्रिका. मला याचं नवल वाटतं, म्हणजे फ्रेंच साहित्य शिकायला पॅरिस म्हणणारी माणसं आफ्रिकन साहित्यासाठी मात्र लंडनच म्हणतात. घानात अक्राच्या बाहेर लेगॉनला युनिव्हर्सिटी ऑफ घाना आहे, तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ आफ्रिकन स्टडीजचं उद्घाटन 1963 मध्ये घानाचे राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमांनी स्वतः केलं, आणि मुद्दा एकच, आफ्रिकेचा अभ्यास आफ्रिकेच्या नजरेतून करा. संगीताचे मोठे अभ्यासक क्वाबेना एन्केटिया तिथेच होते, आणि नाच-वादन तिथे गॅदरिंगपुरतं नसतं, अभ्यासाचा विषय असतो, म्हणजे ढोलाच्या तालावर पेपर लिहायचा असेल तर आधी ढोल हातात घ्यावा लागेल. लंडनमध्ये हेच तुम्ही हेडफोन लावून शिकता. डू बॉइस आयुष्याच्या शेवटी अक्रालाच आले, 27 ऑगस्ट 1963 ला तिथेच गेले, त्यांचं घर आता स्मारक आहे, म्हणजे अॅमहर्स्टला त्यांचे कागद आणि अक्राला समाधी, एकाच माणसासाठी दोन खंड पालथे घालावे लागतात. डायस्पोरा (मायभूमीबाहेर पसरलेला समाज) म्हणजे काय ते याहून सोपं करून मला तरी सांगता येत नाही.

नैरोबीची गोष्ट साहित्यवाल्यांनी वाचावीच. 1968 मध्ये केनियन लेखक न्गुगी वा थिओंगो आणि दोन सहकाऱ्यांनी थेट इंग्लिश डिपार्टमेंटच बंद करा असा प्रस्ताव मांडला. मधोमध आफ्रिकेचं साहित्य, त्यातही मौखिक, आणि बाकी जग त्याच्या भोवती, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे एमए इंग्लिशला आफ्रिकन लिटरेचर अजूनही एखाद्या पेपरात कोपऱ्यात बसलेलं असतं, त्या पार्श्वभूमीवर हे वाचलं की जरा झोंबतं. टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये गयानाचे इतिहासकार वॉल्टर रॉडनी शिकवायचे, आता तिथे जावं ते स्वाहिलीसाठी. केप टाउनला सोयी उत्तम, पण एप्रिल 2021 च्या वणव्यात तिथली जॅगर लायब्ररी जळाली आणि आफ्रिकन स्टडीजचा फार मोठा संग्रह गेला, त्यामुळे ज्या कागदांवर थिसिस करायचाय ते शिल्लक आहेत का हे विचारूनच निघा. नायजेरियात डोकी जबरदस्त आहेत पण 2022 मध्ये प्राध्यापकांचा संप आठ महिने चालला, तेवढा पेशन्स असेल तर जा. सेनेगलमधल्या डाकारला शिकायचं तर फ्रेंच पाहिजे. एकूण खर्च पश्चिमेपेक्षा बराच कमी, इंग्लिश माध्यम बऱ्याच ठिकाणी आहे, स्कॉलरशिप मात्र फार थोड्या, आणि डिग्रीची किंमत भारतात परत आल्यावर समजावून सांगत बसावी लागते, हे खरंय.

आणि घरचं. दिल्ली युनिव्हर्सिटीत आफ्रिकन स्टडीज 1955 पासून आहे, जेएनयूत आहे, आणि आपल्या मुंबई युनिव्हर्सिटीचं सेंटर कलिना कॅम्पसला. फी त्यामानाने काहीच नाही. तक्रार एकच, या तिन्ही ठिकाणी कल राजकारण, परराष्ट्र धोरण आणि विकासाकडे जास्त, कविता-शिल्प-नाटक करणाऱ्याला जरा पाहुण्यासारखं वाटू शकतं. पण इथेच मला खरा मुद्दा मांडायचाय. अमेरिकेतली डिपार्टमेंट्स मुख्यतः अटलांटिकवर उभी आहेत, गुलामांची जहाजं, कॅरिबियन, न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची हार्लेम वस्ती. हिंदी महासागराच्या बाजूने जी आफ्रिकन माणसं आली त्यांच्यावर काम करणारे त्या मानाने थोडे, आणि त्याची साधनं कुठे आहेत तर आपल्या अंगणात. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला, त्याने वसवलेलं खडकी म्हणजेच पुढचं औरंगाबाद, 1626 मध्ये गेला, कबर खुलताबादला. जंजिऱ्याचे सिद्दी, तेही मूळचे आफ्रिकन, आपण शाळेत फक्त शत्रूपक्ष म्हणून शिकलो, तो धडा पुढे सरकलाच नाही. सिद्दींशी झालेल्या लढायांचा पत्रव्यवहार पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीत पडलाय. मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत गोव्यातून चालायचा, त्यामुळे पणजीच्या पुराभिलेखात पूर्व आफ्रिकेचे पोर्तुगीज कागद आहेत. हे मोडी वाचणारं, थोडं पोर्तुगीज येणारं पोरगं लंडनच्या इंटरव्ह्यूला बसलं तर समोरचे खुर्ची पुढे ओढून ऐकतील. हार्लेमवर दोनशेवा थिसिस घेऊन गेलात तर चहा पाजून पाठवतील.

म्हणून युनिव्हर्सिटीच्या आधी भाषा ठरवा असं मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे ते ऐकून रँकिंग उघडतात. स्वाहिली आपल्याला वाटते तेवढी परकी नाही, दुकानाला दुका, गाडीला गारी, विम्याला बिमा, पुस्तकाला किताबू, पहिल्या आठवड्यातच हसू येतं. योरुबाला मात्र सूर लागतात, शब्द तोच पण चढ-उतार बदलला की अर्थ बदलतो, तिला वेळ द्यावा लागेल.

रँकिंगवरून आठवलं, सरकारी परदेशी शिष्यवृत्त्यांना बऱ्याचदा जागतिक रँकिंगची अट असते, आणि सोआस काय, हॉवर्ड काय, ही एकेका विषयात मुरलेली ठिकाणं एकूण यादीत फार खाली दिसतात. म्हणजे विषयासाठी उत्तम जागा आणि शिष्यवृत्तीसाठी अपात्र, असा विनोद होऊ शकतो, त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचा. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये 2022 पासून भारतीय संस्कृती-इतिहासावरचे विषय वगळलेत, त्यामुळे सिद्दींवर अर्ज करताना शीर्षकात आफ्रिका आधी येऊ द्या, आणि तरी ते मान्य होईल का हे आधी लेखी विचारून घ्या. सोआससाठी भारतीय विद्यार्थ्यांना फेलिक्स स्कॉलरशिप असते ती बघा, ब्रिटिश सरकारच्या दोन शिष्यवृत्त्यांपैकी कॉमनवेल्थ बघा, चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. नोकरीचं विचाराल तर भारतात या नावाच्या पोस्ट बोटांवर मोजण्याइतक्या, माणसं शेवटी इतिहासात, इंग्लिशमध्ये, म्युझियममध्ये किंवा अनुवादात जातात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नंतर सांगितलं तर जास्त लागतं.

मला कुणी आज विचारलं तर मी म्हणेन, जात-वंश-साहित्य हा प्रश्न असेल तर थेट अमेरिकन पीएचडी, अॅमहर्स्ट वरच्या नंबरला. कला आणि भाषा असेल तर लंडन, पण पैसे दुसऱ्या कुणाचे असतील तरच. संगीत-नाच असेल तर लेगॉन, डोळे झाकून. आणि सिद्दी, गोवा, मोझांबिक यातलं काही डोक्यात असेल तर आधी इथेच एमए करा, कलिनाला किंवा इतिहासाच्या कुठल्याही बऱ्या डिपार्टमेंटला, ती दोन वर्षं मोडी आणि पोर्तुगीजला द्या आणि मग बाहेर पडा. तीन वर्षांच्या बीएवर काही अमेरिकन युनिव्हर्सिट्या पीएचडीला घेत नाहीत, त्यामुळे तो एमए तसाही वाया जायचा नाही. तिकडच्या डेडलाइन साधारण डिसेंबरात असतात, रेकमेंडेशनसाठी सरांना दिवाळीच्या आधीच गाठा, सुट्टीत कुणी मेल उघडत नाही.