बीईचं प्रोजेक्ट: कंपनीचं घ्यावं की कॉलेजातलंच करावं?

सातवं सेमिस्टर लागलं की गाइड विचारतात, "स्पॉन्सर्ड आहे का?" मग कुणाचा मामा चाकणला, कुणाचा मावसभाऊ भोसरीत, याची शोधाशोध सुरू होते. मी मेकॅनिकलचा. स्वतः स्पॉन्सर्ड केलं आणि आता कंपनीच्या बाजूने अधूनमधून एखादा ग्रुप सांभाळतो.

'स्पॉन्सर्ड' या एकाच नावाखाली दोन गोष्टी खपतात. एकीत कंपनीची खरी अडचण असते, ती रोज झेलणारा इंजिनिअर असतो आणि मटेरियल कंपनी देते. दुसरीत लेटरहेडवरचं पत्र मिळतं, बस्स. हे दुसरं म्हणजे शिक्का मारलेलं इन-हाउसच, म्हणजे कॉलेजातलंच. व्हायव्हात एक्स्टर्नलने (बाहेरच्या परीक्षकाने) "आधीचा सायकल टाइम (एका पार्टला लागणारा वेळ) किती होता?" विचारलं की पोरं एकमेकांकडे बघतात.

खऱ्या स्पॉन्सर्डची गोष्ट वेगळी. आमचं ड्रिलिंग फिक्स्चर होतं, म्हणजे भोक पाडताना जॉब (मशीनवर लावलेला पार्ट) घट्ट धरणारं साधन. कॅडवर एकदम झकास. ऑपरेटर काकांनी पाच-सहा जॉब काढले आणि थांबले. जॉब जागेवर बसवणाऱ्या लोकेटिंग पिनच्या बुडाशी चिप्स (धातूचा कीस) साचत होत्या, त्यामुळे जॉब नीट टेकत नव्हता, आणि एअर गनचं तोंड तिथे शिरतच नव्हतं. बेसला एक खाच पाडल्यावर काम झालं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये दोन जॉब काढून फोटो मारले असते, तर हे आम्हाला कधी कळलंच नसतं.

पण फिक्स्चर कंपनीतच राहिलं, व्हायव्हाला हातात फक्त फोटो. ड्रॉइंग छापायची परवानगीही शेवटपर्यंत रखडली. त्यात मार्चमध्ये इयर एंड: टूलरूम तुमच्या प्लेटला हात लावत नाही आणि इकडे रिपोर्टची तारीख डोक्यावर. सगळ्यात मोठा धोका माणसाचा. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजात १९६३ पासून 'क्लिनिक' चालतं. तिथे कंपनी कॉलेजला फी भरून प्रश्न देते आणि विद्यार्थ्यांचा ग्रुप वर्षभर तो सोडवतो, म्हणजे व्यवहार कॉलेज आणि कंपनीचा. आपल्याकडे बहुतेकदा सगळं मामाच्या ओळखीवर. त्या ओळखीच्या साहेबांनी डिसेंबरात नोकरी बदलली की प्रोजेक्ट पोरकं.

इन-हाउसमध्ये वर्गणी काढावी लागते, पण वेळ आपल्या हातात राहतो आणि चुकलं तर पुन्हा करता येतं. गेटचा अभ्यास चालू असेल किंवा पुढे एमएस करायचं असेल, तर मी हेच सुचवेन, कारण रीडिंग्ज आपली असतात आणि पेपर लिहायला कुणाला विचारावं लागत नाही. फक्त कुठल्याच शेतकऱ्याने न मागितलेलं 'मल्टिपर्पज शेतीयंत्र' पुन्हा बनवू नका!

बाहाची (कॉलेजांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेची) गाडी प्रोजेक्ट म्हणून दाखवायची असेल तर तुमच्या ग्रुपमधल्या चौघांचा वाटा स्पष्ट तोडून घ्या. अख्ख्या टीमची गाडी चौघांच्या नावावर खपत नाही.

सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा थोडक्यात आराखडा) देण्याआधी कंपनीत एक चक्कर मारा आणि विचारा: रोज आमच्याशी कोण बोलणार? हे काम आत्ता कसं होतं, किती वेळात? रिपोर्टमध्ये काय छापता येईल? गोपनीयतेच्या कागदावर सही करण्याआधी तो गाइडना दाखवा. साहेबांनी सेफ्टी शूज देऊन थेट मशीनपाशी नेलं, तर घ्या ते प्रोजेक्ट. रिसेप्शनवरच चहा पाजून पत्र हातात ठेवलं, तर चहा प्या आणि इन-हाउसचा विषय शोधायला लागा.