ओपनरॉकेट: सॉफ्टवेअर फुकट, वजनकाटा मात्र आपला आपण आणायचा

स्क्रॅच-बिल्ट म्हणजे किट न आणता स्वतः डिझाइन करून मोठं रॉकेट बांधायचं डोक्यात असेल तर पहिली पायरी ओपनरॉकेट, म्हणजे कॉम्प्युटरवर रॉकेट डिझाइन करून ते कसं उडेल हे आधीच दाखवणारं सॉफ्टवेअर, दुसरी पायरी किचनमधला वजनकाटा. मी उलट्या क्रमाने शिकले म्हणून हा रिव्ह्यू. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आम्ही साउदर्न कॅलिफोर्नियात राहतो, आणि हे सगळं सुरू झालं लेकाच्या शाळेतल्या छोट्या पुठ्ठ्याच्या रॉकेटवरून, त्याचा इंटरेस्ट दोन महिन्यात संपला, माझा राहिला. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, "अगं एवढा मोठा फटाका कशाला, बाटलीत ठेवून उडवायचीस तेवढं पुरे की." पण गंमत म्हणजे त्या दिवाळीच्या रॉकेटला लांब काडी का असते हे मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी या सॉफ्टवेअरमुळे कळलं. काडी नसेल तर ते सरळ जाणारच नाही, कोलांट्या खाईल. आपल्या रॉकेटला काडीऐवजी फिन्स, म्हणजे शेपटीला पंख असतात, काम तेच.

आता सॉफ्टवेअरबद्दल. साम्पो निस्कानेन नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने 2009 मध्ये हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्सच्या थीसिससाठी हे बनवलं, ओपन सोर्स ठेवलं, आणि तेव्हापासून जगभरचे हौशी लोक ते पुढे नेतायत. विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. पूर्वी जावा वेगळं टाकायला लागायचं, आता इंस्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे ती कटकट संपली. याच कामासाठी पैसे देऊन घ्यायचं रॉकसिम पण आहे, जुनी मंडळी ते वापरतात, त्याच्या फाइली ओपनरॉकेटमध्ये उघडतात. मी तरी एक डॉलरही न घालता सगळं काम केलं.

वापरायला एकदम लेगोसारखं आहे. नोज कोन म्हणजे टोक घे, बॉडी ट्यूब जोड, आत मोटर माउंट (मोटर म्हणजे जळून जोर देणारी नळी, ती बसवायची जागा), ती मधोमध धरणाऱ्या सेंटरिंग रिंग्ज, शॉक कॉर्ड म्हणजे पॅराशूट आणि रॉकेट बांधून ठेवणारी दोरी, पॅराशूट, मागे फिन्स, प्रत्येकाचं माप आणि मटेरियल टाक की चित्र तयार होत जातं, आणि त्या चित्रावर दोन ठिपके, निळा सीजी आणि लाल सीपी. सीजी म्हणजे गुरुत्वमध्य, शाळेत शिकलेलाच. सीपी म्हणजे हवा जिथे धरून ढकलते असं समजा तो बिंदू. लाल ठिपका निळ्याच्या मागे हवा, साधारण रॉकेटच्या जाडीच्या एक ते दोन पट मागे, त्या पटीला कॅलिबर म्हणतात आणि तो आकडा वरच्या कोपऱ्यात सतत दिसत राहतो. सीपी काढायची पद्धत 1960 च्या दशकात नासातल्या जेम्स बॅरोमन या इंजिनियरने हौशी लोकांना झेपेल अशी मांडली, आधी माणसं पुठ्ठ्यातून रॉकेटची आकृती कापून ती कुठे तोलते ते बघायची. आता फिन अर्धा इंच मोठी केली की लाल ठिपका डोळ्यासमोर मागे सरकतो. मी पहिले दोन दिवस फक्त हेच करत बसले होते, स्वयंपाक त्या दिवशी खिचडी.

तर माझं रॉकेट, नाव ठेवलं "लाटणं". चार इंची जाड पुठ्ठ्याची ट्यूब, उंची पाच फुटाला जरा कमी, तीन प्लायवूडच्या फिन्स ट्यूबला खाच पाडून थेट आतल्या मोटर माउंटपर्यंत घातलेल्या, माउंट 38 मिलिमीटरचा पण आत 29 चा अडॅप्टर, म्हणजे पहिल्यांदा छोटी मोटर आणि पुढे मोठी. ओपनरॉकेटने सांगितलं मोटरशिवाय वजन 1240 ग्रॅम, स्थिरता 1.8 कॅलिबर, एरोटेक कंपनीच्या एच128 मोटरवर (नावाचा अर्थ पुढे सांगते) 1320 फूट जाणार. मी खूश. प्रिंट काढून फ्रिजवर लावला.

मग बांधलं, रंगवलं, आणि सहज म्हणून कणीक मोजायच्या काट्यावर तुकडे तुकडे करून ठेवलं. 1490 ग्रॅम! अडीचशे ग्रॅम कुठून आले? एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा घट्ट डिंक. फिन्सच्या सांध्यांना मी जे गोलसर फिलेट दिले होते ते अगदी पुरणपोळीला तूप सोडतात तसे सढळ हाताने, वर प्रायमरचे तीन कोट, अडॅप्टर, बोल्ट, रेल गाइड. यातलं काहीच मी सॉफ्टवेअरमध्ये टाकलेलं नव्हतं, मग त्याला कसं कळणार. आणि हे जास्तीचं वजन जवळजवळ सगळं शेपटीकडे, म्हणजे निळा ठिपका मागे सरकला आणि 1.8 चे झाले 1.1. पडलं नसतं कदाचित, पण वारा असता तर मला झोप नसती लागली.

इथे या सॉफ्टवेअरची खरी किंमत कळते. प्रत्येक भागाला ओव्हरराइड नावाचा टॅब आहे, तिथे तुम्ही काट्यावर मोजलेलं खरं वजन टाकायचं, आणि सगळं रॉकेट दोरीला टांगून तोललं की जिथे आडवं राहतं तो सीजी पण टाकायचा. मी ते केलं, नोज कोनमध्ये 80 ग्रॅम वजन एपॉक्सीत बसवलं, स्थिरता परत दीडच्या आसपास आली. नवीन सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवरचं लुटुपुटूचं उड्डाण, म्हणालं 1040 फूट. म्हणजे पहिल्या आकड्यात जवळजवळ तीनशे फूट माझ्या मनाचे मांडे होते. फ्रिजवरचा प्रिंट काढून टाकला, नवऱ्याने बघितलं, काही बोलला नाही, शहाणा आहे.

दुसरी चूक पण माझीच. सिम्युलेशनच्या सेटिंगमध्ये लाँच रॉड (सुटताना रॉकेटला सरळ धरणारी दांडी) एक मीटरचा धरलेला असतो आणि जागा समुद्रसपाटीला. मी ते बघितलंच नाही, आणि रॉड सोडताना वेग फारच कमी दिसला म्हणून दोन दिवस मोठी मोटर शोधत बसले. इथे मैदानावर रॉडऐवजी आठ फुटी रेल असते, तो आकडा टाकल्यावर वेग आला सेकंदाला 52 फूट, साधारण पन्नासच्या वर असला की फिन्सना हवा पकडायला पुरेसा वेग मिळतो असं मानतात. जोर आणि वजनाचं प्रमाण पण बघायचं, सरासरी जोर वजनाच्या पाचपट तरी हवा. मोटरसकट माझं रॉकेट 1776 ग्रॅम, एच128 चा सरासरी जोर 128 न्यूटन, म्हणजे सातपटीच्या थोडं वर. मोटरच्या नावातच जोर लिहिलेला असतो हे मला फार आवडतं, आणि अक्षर म्हणजे एकूण ताकद, एच 160 ते 320 न्यूटन-सेकंद, आय त्याच्या दुप्पट, जे अजून दुप्पट, असं चढत जातं. ओपनरॉकेटमध्ये मोटर निवडायची यादी थ्रस्टकर्व्ह या मोटरांची माहिती देणाऱ्या वेबसाइटच्या डेटावरून येते, कंपनीप्रमाणे, व्यासाप्रमाणे गाळता येते, कोणत्या क्षणाला किती जोर याचा ग्राफ पण दिसतो.

डिलेचा आकडा पण इथूनच घेतला. मोटर जळून संपल्यावर काही सेकंदांनी आतली छोटी दारू पॅराशूट बाहेर ढकलते, ते रॉकेट माथ्यावर असतानाच व्हायला हवं. सॉफ्टवेअर म्हणालं 6.8 सेकंद, माझी मोटर 14 सेकंद डिलेची, त्यातले 8 सेकंद टूलने कोरून काढले, राहिले 6. जरा लवकर, पण चालेल. पॅराशूटचं पण तसंच, 36 इंची टाकलं की खाली यायचा वेग सेकंदाला 24-25 फूट, 48 इंची टाकलं की 18-19. प्लायवूड फिन्स आणि वाळलेली जमीन, मी 48 घेतलं.

आता अर्धा स्टार. हे सॉफ्टवेअर रॉकेट कसं उडेल ते सांगतं, टिकेल का ते सांगत नाही. फिन मधून मोडेल का, शॉक कॉर्डची गाठ सुटेल का, डिंक उन्हात मऊ पडेल का, याचा हिशोब तुमच्याकडे. आवाजाच्या वेगाच्या आसपास आणि त्याच्या वर त्याच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, तिथे लोक रासएरो वापरतात, ते पण फुकट आहे. आणि वॉर्निंग खाली छोट्या अक्षरात येतात, पॅराशूट जास्त वेगात उघडतंय वगैरे, नवीन माणूस हिरवा-लाल ग्राफ बघण्यात इतका गुंग असतो की खाली कोण बघतो. अक्षर जरा मोठं केलं असतं तर काय बिघडलं असतं.

उडवायला गेलो लूसर्न ड्राय लेकला, मोहावे वाळवंटातला कोरडा तलाव, घरून दोन तास, उंची साधारण 2850 फूट, हा आकडा पण सॉफ्टवेअरमध्ये टाकलेला. दुपारी वारा उठतो म्हणून सकाळी सहाला निघालो, सोबत थेपले (मराठी घरात थेपले कसे याचं उत्तर शेजारीण गुजराती). लेव्हल वन सर्टिफिकेशन होतं, म्हणजे एच किंवा आय मोटरवर उडवून रॉकेट धडधाकट परत आणायचं. त्याशिवाय इथे एवढ्या मोठ्या मोटर विकतच मिळत नाहीत, आणि जे, के, एल साठी पुढची लेव्हल, तिला लेखी परीक्षा. सेफ्टीवाल्या काकांनी, सत्तरीचे असतील, रॉकेट हातात घेतलं, फिन्स हलवून बघितल्या, आणि पहिला प्रश्न, "सीपी कुठे आहे?" मी ट्यूबवर लाल चिकटपट्टीने मार्क केला होता. मग बोटावर तोलून सीजी बघितला, निळी पट्टी बरोबर बोटावर. काका हसले आणि सही केली. तो क्षण मला उड्डाणापेक्षा मोठा वाटला, खोटं कशाला बोलू.

उड्डाण म्हणजे सव्वा सेकंद आग, पांढरा धूर, मग सगळं शांत, मान वर, आणि पोटात खड्डा. पॅराशूट उघडल्याचा आवाज खाली नंतर येतो, त्याआधी नारिंगी ठिपका दिसतो. आत ठेवलेल्या अल्टिमीटरने, म्हणजे उंची मोजणाऱ्या छोट्या यंत्राने, बीप वाजवून सांगितलं 1012 फूट. सॉफ्टवेअर 1040 म्हणालं होतं. अठ्ठावीस फुटांचा फरक! लेक म्हणाला, "आई, तुझा भातातल्या पाण्याचा अंदाज यापेक्षा जास्त चुकतो." पाचशे फूट चालत जाऊन लाटणं उचलून आणलं, एका फिनला जरा खरचटलं होतं, चाललं.

ज्यांना करायचंय त्यांना एवढंच, डाउनलोड केल्यावर आतले तयार नमुने आधी उघडून बघा, त्यात तोडमोड करून शिकणं सोपं जातं, फिन्सची छापील टेम्प्लेट पण खऱ्या मापात प्रिंट होते, फक्त प्रिंटरच्या सेटिंगमध्ये पानात बसवण्याचा पर्याय बंद ठेवा, माझी पहिली फिन पाच टक्के लहान कापली गेली होती. मी आता त्याच फाइलमध्ये 38 चा आय टाकून बघतेय, आकडा अठराशे फुटांच्या वर जातोय. पण अजून नवीन कोटचा रंग मोजलेला नाही, काटा सध्या पुरणाच्या डाळीसाठी लागलाय.