पद्मिनीच्या पत्र्यासाठी फर्मा: पुठ्ठा, डब्याचा पत्रा, चिकटपट्टी की लेझर?

जुनी प्रीमियर पद्मिनी उभी करायला घेतलीत, तर रबरी मॅट उचलल्यावर काय दिसणार हे जवळपास ठरलेलं असतं. पुढच्या काचेच्या रबरातून झिरपलेलं पावसाचं पाणी मॅटखाली साचतं आणि पाय ठेवायच्या जागी पत्र्याची चाळण झालेली असते. या गाडीला वेगळी चेसिस नाही, भार बॉडीच उचलते. त्यामुळे फ्लोअरला किंवा दाराखालच्या सिलला चौकोनी ठिगळ मारून वर डांबर फासणं म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाची फसवणूक. नवा तुकडा मूळ घड्यांसकट बसायला हवा, म्हणजे आधी फर्मा, त्या तुकड्याच्या मापाचा नमुना, आला. अनेक डेंटर अंदाजानेच कापतात. सपाट तुकड्यात ते खपून जातं, घडी आली की नाही.

कुठला फर्मा घ्यायचा हे बजेटपेक्षा भागाच्या आकारावर ठरतं. त्या जागेवर जाड कागद दाबून पाहा. सुरकुती न पडता बसला, तर भाग एकाच दिशेने वळलेला आहे. कडेला चुण्या पडल्या, तर तो दोन्ही दिशांनी फुगलेला आहे.

पहिल्या प्रकाराला पुठ्ठा पुरतो: फ्लोअर, सिल, डिकीच्या तळाचे तुकडे. पण पुठ्ठा म्हणजे कुरिअरचं खोकं नव्हे. तो पन्हळीच्या दिशेनेच नीट मुडतो आणि कडेला चेपतो. बाइंडिंगवाल्याकडचा एक मिलिमीटर जाडीचा करडा पुठ्ठा घ्या. त्यातही गोम आहे. २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटरचा सीआरसी (कोल्ड-रोल्ड) पत्रा काटकोनात मुडला की बाहेरून मोजलेल्या दोन बाजूंची बेरीज सपाट पत्र्यापेक्षा दीडेक मिलिमीटर जास्त भरते. चार घड्यांच्या सिलमध्ये हा फरक पाच-सहा मिलिमीटरवर जातो. तेव्हा पुठ्ठ्याची मापं आंधळेपणाने पत्र्यावर उतरवू नका. कापलेल्या तुकड्यात आधी एक घडी मारून मोजा. आणि पावसाळ्यात फर्मा रात्रभर गॅरेजमध्ये ठेवू नका, पुठ्ठा दमट होऊन फुगतो.

फर्म्यावर ‘पुढे’ आणि ‘बाहेरची बाजू’ लिहून ठेवा. एका बाजूचं सिल पूर्ण गेलं असेल, तर चांगल्या बाजूचा फर्मा उलटा करून वापरता येतो. मात्र कधीतरी ठोकर खाल्लेल्या गाडीच्या दोन बाजू सारख्या असतीलच असं नाही.

तेलाच्या पंधरा लिटरच्या डब्याचा पत्रा म्हणजे पुठ्ठ्याचा थोरला भाऊ. तो खऱ्या पत्र्यासारखाच मुडतो, स्क्रूने जागेवर पकडून ठेवता येतो, त्यावर सुईने रेघ ओढता येते आणि वर्षभराने काढला तरी आकार तोच. कापायला वेळ लागतो, कडा बोटं कापतात. एकच तुकडा करायचा असेल तर ही मेहनत फुकट. दोन-तीन गाड्या हाताशी असतील तर हाच घ्या.

खरी परीक्षा मडगार्डच्या फुगीर भागाची. इथे पुठ्ठा हरतो, कारण शिंपी जिथे टक घालतो तिथे पत्र्याला टक घालता येत नाही. पत्रा ठोकून ताणावा किंवा आवळावा लागतो. यासाठी चिकटपट्टीचा फर्मा करतात. आधी शाबूत भागावर मास्किंग टेपचा थर, त्यावर फायबरचे धागे असलेली पट्टी आडवी-उभी, एकमेकींवर चढवून. पूर्ण झालं की सोलून काढायचं आणि चिकट बाजूला टाल्कम पावडर लावायची. घडवत आणलेल्या पत्र्यावर हा फर्मा ठेवला की तो बोलू लागतो: जिथे सैल पडून फुगतो, तिथे पत्रा अजून ताणायचा आहे. पण तो लुळा असतो, गोलाई धरून ठेवत नाही. म्हणून दर दहा सेंटिमीटरवर त्या गोलाईचे पुठ्ठ्याचे उभे साचे कापून जोडीला ठेवावे लागतात. हत्यारं आणि हात तयार नसतील, तर एवढं करूनही मडगार्ड होणार नाही.

लेझर कटिंग सध्या फार ऐकू येतं. पुठ्ठ्याचा फर्मा स्कॅन करून डीएक्सएफ (कटिंग मशीनला लागणारं रेखाचित्र) फाइल केली, की भोसरी किंवा चाकणला कोणीही कापून देईल. भोकं नेमकी, कडा स्वच्छ. पण मिळतो सपाट तुकडाच, घड्या आणि गोलाई तुमच्याच माथी. एका गाडीसाठी मला हा खर्च पटत नाही. थ्रीडी स्कॅनही चेपलेला भाग चेपलेलाच टिपतो.

मडगार्डच्या बाबतीत मी आधी कुर्ल्याला जाईन. गाडी तिथल्याच कारखान्यात बनली आणि सुटे भागही तिथल्या सीएसटी रोडच्या भंगार बाजारात शोधावे लागतात. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, त्यामुळे यापुढे चांगला माल शोधायला वेळ लागेल. जाताना चिकटपट्टीचा फर्मा पिशवीत घ्या. जुन्या मडगार्डवर तो अंथरला, की त्याचा आकार किती बिघडलाय याचा अंदाज दुकानातच येतो.